पुढेमागे लागेल

नाना फडणीस कागद टाकत नसत. त्यांच्या मुत्सद्देगिरीवर पुष्कळ लिहिलं गेलंय, पण मला त्यांचा सगळ्यात मोठा गुण हाच वाटतो. घराण्यात फडणिशी, म्हणजे धंदाच हिशेबाचा. चौदाव्या वर्षी वडील गेले आणि दौत-बोरू हाती आला. तेव्हापासून १८०० साली डोळे मिटेपर्यंत जो कागद त्यांच्या नजरेखालून गेला, तो टाकण्याकडे त्यांचा कल दिसत नाही. वकिलांची पत्रं, बातमीदारांची पत्रं, वसुलाच्या यादी, कुणी किती मागितलं आणि त्यातलं किती दिलं त्याची टिपणं. पुढे अठरा वर्षांत पेशवाई गेली. आणखी दहा वर्षांनी, १८२८ साली शनिवारवाडा जळाला. वाईशेजारी मेणवलीला, कृष्णेच्या काठावरच्या नानांच्या वाड्यात कागदांची गाठोडी मात्र जागच्या जागी राहिली.

इतिहासाच्या प्रेमामुळे जुने कागद टिकले, असं व्यासपीठावरून बोलण्याची आपली रीत आहे. मला त्यात फारसा अर्थ वाटत नाही. कागद टिकले ते ‘असू दे, पुढेमागे लागेल’ ह्या एका वाक्यामुळे. आमच्या घरी हे वाक्य मिठाईच्या रिकाम्या खोक्यांना, सुतळीच्या तुकड्यांना आणि तीन पायांच्या स्टुलालाही लागू होतं. दीडशे वर्षांपूर्वीच्या घरांत ते रुमालात बांधलेल्या दप्तराला लागू होत असणार, एवढाच फरक. इनामाची सनद देवघराजवळ ठेवली जायची ती छत्रपतींवरच्या भक्तीमुळे नव्हे. उद्या सरकारातून कुणी येऊन ‘ही जमीन तुमची कशावरून?’ असं विचारील, म्हणून ठेवली जायची. आणि विचारलंही. इंग्रजांनी इनाम कमिशन नेमलं आणि घरोघरच्या पेट्या उघडल्या. खुद्द इंग्रजांनी पुण्याचं पेशवे दप्तर सांभाळलं तेही ह्याच कारणासाठी. कुणाला काय माफ आहे हे त्यात लिहिलेलं होतं, आणि सरकार कुठलंही असो, माफ केलेल्या पैशाची त्याला फार काळजी. त्या दप्तराचं दार संशोधकांना मात्र बरीच वर्षं बंद होतं. पुढे गो. स. सरदेसायांनी त्यातून निवडून १९३० ते १९३४ ह्या काळात ४५ खंड काढले. ही नुसती निवड. बाकीचं अजून रुमालांत आहे.

तर, मेणवलीचे कागद. ते दत्तात्रय बळवंत पारसनीस ह्यांच्या हाती लागले. त्याच काळात विश्वनाथ काशिनाथ राजवाडेही कागद धुंडाळत गावोगाव हिंडत होते. दोघांचा ध्यास एकच आणि स्वभाव दोन टोकांचे. राजवाड्यांचा राग प्रसिद्ध. इंग्रजीत लिहायचं नाही हा हट्ट, स्वतःचं स्वतः शिजवून खायचं, आणि एखाद्या घरमालकाने माळ्यावरचं दप्तर दाखवलं नाही तर त्याच्या मूर्खपणाची नोंद पुढच्या प्रस्तावनेत होण्याचा धोका. पारसनीस रावबहादूर. त्यांची साहेबलोकांत ऊठबस, आणि किंकेडसाहेबाबरोबर त्यांनी मराठ्यांचा इतिहास इंग्रजीतून लिहिला. एकाला वाड्याचं दार उघडलं नाही तर तो दारावर लाथ मारणार, आणि दुसऱ्याला ते उघडून वर पानसुपारी मिळणार. दोघेही गेले १९२६ सालीच. कागद गोळा करायला दोन्ही स्वभाव लागतात, पण माझ्या माळ्यावर दप्तर असतं तर मी पारसनिसांना बोलावलं असतं.

पारसनिसांनी साताऱ्याला संग्रहालय उभं केलं. त्यांच्यामागे १९३९ साली हा संग्रह पुण्याला येरवड्याच्या डेक्कन कॉलेजात आला. आता ह्या योगायोगाकडे जरा पाहा. डेक्कन कॉलेजचं मूळ म्हणजे ६ ऑक्टोबर १८२१ रोजी विश्रामबागवाड्यात निघालेली पाठशाळा. तिला पैसा कुठून आला, तर पेशवे श्रावणात विद्वान ब्राह्मणांना जी दक्षिणा वाटत, त्या रकमेतून. एल्फिन्स्टनसाहेबाने दक्षिणा एकदम बंद न करता तिचा काही भाग शिक्षणाकडे वळवला. त्या दक्षिणेच्या खर्चाचा मेळ ज्यांच्या फडाने वर्षानुवर्षं घातला, त्या नानांची गाठोडी शंभराहून अधिक वर्षांनी त्याच दक्षिणेतून निघालेल्या कॉलेजच्या दारात उतरली. नाना असते तर त्यांनी आधी १८१८ पासूनचा हिशेब मागितला असता.

संग्रह आला तेव्हा कॉलेजही नुकतंच मरणाच्या दारातून परतलं होतं. पाठशाळेचं १८५१ साली पूना कॉलेज झालं, १८६४ साली डेक्कन कॉलेज, आणि १८६८ पासून ते सर जमशेटजी जीजीभॉय ह्यांच्या देणगीतून उभ्या राहिलेल्या येरवड्याच्या दगडी इमारतीत आहे. टिळक आणि आगरकर रात्र रात्र वाद घालत ते इथेच. एवढं सगळं असूनही १९३४ साली सरकारने काटकसर म्हणून कॉलेज बंद करून टाकलं. त्यावर माजी विद्यार्थी उठले. हे म्हणजे वकील, निवृत्त अधिकारी, रावसाहेब मंडळी. चार वर्षांपूर्वी साऱ्या देशाने मीठ उचललं होतं. ह्यांनी जीजीभॉयांच्या देणगीचे कागद उचलले. ज्या अटीवर पैसा दिला गेला ती अट मोडता येणार नाही, असं म्हणत प्रकरण कोर्टात गेलं आणि १७ ऑगस्ट १९३९ रोजी कॉलेज संशोधनसंस्था म्हणून पुन्हा उघडलं. म्हणजे तिथेही कुणीतरी सत्तर-पंच्याहत्तर वर्षांपूर्वीचा कागद फाडला नव्हता.

आता अशा दप्तरांत असतं काय? नवखा माणूस इथे तलवारी शोधायला येतो. त्याच्या डोक्यात कादंबऱ्या असतात. रुमाल सोडला की त्याला वाटतं, आता एखादं खलबत सापडणार. सापडतं हे की अमुक ठाण्यातल्या घोड्यांना दाणा वेळेवर पोचला नाही. तमक्या कारकुनाचा पगार चार महिने थकलाय आणि त्यामुळे त्याच्या मुलीचं लग्न अडलंय. भावाभावांत विहिरीवरून तंटा आहे आणि तिसरा भाऊ दोघांच्याही वतीने अर्ज करतोय. एखादा सरदार मोहिमेवरून लिहितो, पावसाने हैराण केलं, तंबू फाटलेत, पैसे पाठवा. दुसरा सरदार लिहितो, पाऊस मुळीच नाही, वैरण मिळत नाही, पैसे पाठवा. पत्राची सुरुवात ‘साष्टांग नमस्कार विनंती विशेष’ अशी आणि शेवट ‘बहुत काय लिहिणे, लोभ असो द्यावा’ असा. ह्या दोहोंच्या मध्ये जे येतं ते बहुतेक वेळा पैसेच.

मला स्वतःला हे कागद खलबतांपेक्षा जास्त आवडतात. लढाई जिंकल्याचं पत्र लिहिताना माणूस थोडा ऐटीत असतो, मागून कुणीतरी वाचणार हे त्याला ठाऊक असतं. दाण्याचा हिशेब लिहिताना त्याच्या मनात फक्त दाणा असतो. म्हणून हिशेबात माणूस जास्त खरा सापडतो, आणि खोटं बोलत असला तरी ते खोटंही खऱ्यासारखं सापडतं. एखाद्या आकड्यावर शाई जरा दाट दिसली की ओळखावं, तिथे बोरू थांबला होता. डोक्यात काहीतरी जुळवाजुळव चालली होती.

खरी पंचाईत तारखेची. पत्रलेखक मोठ्या निष्ठेने ‘छ १४ रजब’ असं टाकतो. छ म्हणजे चंद्र, महिन्याची तिथी. महिना मुसलमानी, भाषा मराठी, लिहिणारा ब्राह्मण, आणि ह्यात कुणालाच काही वावगं वाटत नाही. पण साल? सालाचा पत्ता नसतो. ज्याला पत्र लिहिलंय त्याला चालू साल माहीत आहेच, मग शाई कशाला फुकट घालवा? बरं, रजब आहे म्हणून ऋतू ओळखावा, तर हा महिना कधी पावसाळ्यात, कधी हिवाळ्यात. क्वचित साल दिलेलं असलं तर ते ‘इहिदे सबैन मया व अलफ’ अशा अरबी शब्दांत असतं. एक, सत्तर, शंभर आणि हजार, मिळून शुहूर सन ११७१. त्यात ५९९ मिळवले की इसवी सन १७७० निघतो. वर्ष मृगाला सुरू होतं, तेव्हा पत्र पुढच्या जानेवारीतलं असलं तर ६०० मिळवायचे. साल नसलेल्या पत्रावर संशोधक भांडतात. पत्रात कुणाच्या तरी घरी मुलगा झाल्याचा उल्लेख असतो. त्या मुलाची मुंज दुसऱ्या एका पत्रात सापडते. त्या दुसऱ्या पत्रातही साल नसतं. मिरजेचे वासुदेवशास्त्री खरे शाळेत शिकवायचे आणि उरलेल्या वेळात पटवर्धनांच्या दप्तरातली अशी पत्रं क्रमाने लावत बसायचे. त्यांच्या ‘ऐतिहासिक लेखसंग्रहा’चे खंड पाहिले की वाटतं, दोनशे वर्षांपूर्वीच्या कारकुनांनी सालाचा एकेक शब्द जास्त लिहिला असता तर शास्त्रीबुवांना थोडी झोप तरी मिळाली असती.

आणि हे सगळं मोडीत. मोडी लिहिणाऱ्याने आधी आडवी रेघ ओढायची आणि मग बोरू न उचलता अक्षरं तिला टांगत जायचं. शब्द कुठे संपला हे सांगायची पद्धत नाही, ऱ्हस्व-दीर्घाची पर्वा नाही. मोडीच्या वर्गाला हल्ली बरी गर्दी असते. बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ, इतिहासात एम.ए. करणाऱ्या मुली, आणि ‘आमच्याकडे एक कागद आहे’ असं म्हणत येणारा एक तरी माणूस. पहिल्या दिवशी किल्ला जिंकल्यासारखी क ते ज्ञ अक्षरं येतात. दुसऱ्या दिवशी खरा कागद समोर येतो, आणि त्यातलं एकही अक्षर तक्त्यातल्या अक्षराला ओळख देत नाही.

मात्र मोडीचे उपकारही मानले पाहिजेत. लिपी वापरातून गेली आणि घरोघरच्या पुढच्या पिढ्यांना आपले कागद वाचता येईनासे झाले. वाचता आले असते तर किती टिकले असते, ह्याबद्दल मला शंका आहे. आजोबांनी सावकाराला दिलेलं कबुलीपत्र, पणजीने दिराविरुद्ध केलेला अर्ज, जातपंचायतीने घेतलेला दंड, हे वाचता येणाऱ्या नातवाने शेगडीत घातलंच असतं. वाचता येत नाही म्हटल्यावर प्रत्येकाला वाटलं, ही शिवाजी महाराजांची सनद असावी. ठेवली. पुढेमागे लागेल.

ज्यांना तेवढंही वाटलं नाही त्यांनी रद्दीत घातली. वाण्याकडच्या पुडीवर मोडी दिसली म्हणून तिचा माग काढत थेट माळ्यापर्यंत पोचल्याच्या गोष्टी संशोधकांच्या गप्पांत असतात. त्यातल्या किती घडल्या आणि किती रंगल्या, हे वाणीच जाणे.

डेक्कन कॉलेजच्या कपाटांना ह्याहून जुन्या पाहुण्यांचीही सवय आहे. १८६० च्या दशकात मुंबई सरकारने संस्कृत हस्तलिखितं गोळा करायला पैसे मंजूर केले आणि ब्यूलर, कीलहॉर्न, रामकृष्ण गोपाळ भांडारकर अशी मंडळी राजस्थान, गुजरात, काश्मीर पालथं घालू लागली. जैन भांडारांचे राखणदार फार सावध. आज किल्ली नाही, उद्या शेटजी गावाला गेलेत, परवा मुहूर्त नाही. तरी दर वर्षी पोथ्या येत राहिल्या आणि कॉलेजात दाखल होत गेल्या. ज्या वर्षी आली ते वर्ष हाच पोथीचा पत्ता ठरला, अमुक क्रमांक, १८७५-७६ चा. १९१८ साली हा सगळा सरकारी संग्रह नव्याने निघालेल्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात गेला, पण पत्ते तेच राहिले. त्यातल्या ऋग्वेदाच्या ३० पोथ्यांची २००७ साली युनेस्कोच्या ‘मेमरी ऑफ द वर्ल्ड’ यादीत नोंद झाली. ब्यूलरने काश्मिरातून आणलेली, भूर्जपत्रावर शारदा लिपीत लिहिलेली पोथी त्यांतलीच.

पोथीच्या शेवटी लेखकू बहुधा एक-दोन श्लोक टाकतो. त्यांचा आशय देशभर सारखाच. जसं पाहिलं तसं लिहिलं, चूक असेल तर मला दोष देऊ नका. पाठ, कंबर आणि मान मोडून हे लिहिलंय, तेव्हा जपा. तेलापासून, पाण्यापासून, सैल बांधणीपासून वाचवा, आणि मूर्खाच्या हाती देऊ नका. आजच्या ग्रंथालयाच्या नियमावलीत ह्याहून वेगळं फारसं काही नाही. पेन आत नेऊ नये, पेन्सिल वापरावी. पिशवी बाहेर ठेवावी. पान उलटताना बोटाला थुंकी लावू नये. मूर्खाच्या हाती देऊ नये हा नियम मात्र कुठल्याही फॉर्मवर छापलेला दिसत नाही. वाचकसंख्येचा प्रश्न येत असावा.

लेखकूने सांगितलेल्या शत्रूंत झुंडीचं नाव नव्हतं. ५ जानेवारी २००४ रोजी एक जमाव भांडारकर संस्थेत घुसला, कपाटं पाडली, पोथ्या पायदळी आल्या. कसरीला आणि वाळवीला निदान भूक असते.

पोथ्या गेल्या म्हणून डेक्कन कॉलेजात कागदांची उणीव पडली, असं समजू नये. १९४८ साली तिथे डॉ. सुमित्र मंगेश कत्रे ह्यांनी संस्कृतच्या ऐतिहासिक शब्दकोशाचं काम काढलं. ऋग्वेदापासून पुढचे सुमारे दीड हजार ग्रंथ वाचायचे, त्यातला शब्द, तो कुठे आला, कोणत्या अर्थाने आला, हे चिठ्ठीवर उतरवायचं आणि चिठ्ठी वर्णक्रमाने खणात टाकायची. सुमारे एक कोटी चिठ्ठ्या झाल्या. पहिला खंड १९७६ साली बाहेर पडला. त्यानंतर तीसहून अधिक खंड निघाले आहेत आणि गाडी अजून ‘अ’वर आहे. लोक हसतात. मला ह्या कामाबद्दल अतोनात आदर आहे आणि थोडा हेवाही. ज्या गावात दर सोमवारी कुठल्या ना कुठल्या कामाची डेडलाइन असते, त्याच गावात काही माणसं ‘अ’ नीट संपवल्याशिवाय ‘आ’ला हात लावायचा नाही म्हणून बसली आहेत. शिवाय चिठ्ठ्या लिहिणाऱ्यांतल्या अनेकांना आपला शब्द छापलेला दिसणार नाही हे पहिल्या दिवसापासून माहीत असणार. ‘ह’च्या खणात चिठ्ठी टाकणाऱ्या माणसाचा विचार करा.

कागदाची एक गंमत सांगितली पाहिजे. सतराशे सत्तरचं पत्र हातात घेतलं तर ते अजून मऊ असतं. चिंध्या कुटून हाताने केलेला जुन्नरी किंवा दौलताबादी कागद, त्यावर काजळाची शाई. ती उडत नाही, पाण्याला मात्र भिते. त्याच दप्तरावर १९३० च्या सुमारास कुणी छापील यादी केली असेल, तर तिची पानं पिवळी पडून कडेने कुरकुरीत झालेली असतात. गिरणीतल्या लाकडाच्या लगद्याच्या कागदात आम्ल असतं, ते आतून त्याला खातं. यादीनंतर कुणीतरी मायक्रोफिल्म केलेली असते. फिल्म ठणठणीत असते, ती पाहायचं यंत्र बिघडलेलं असतं. मग स्कॅनिंग होतं आणि सीडी मिळते. आता सीडी घालायला संगणकाला खाच नाही. एवढं सगळं झाल्यावर विचारपूस करायला जावं, तर मूळ कागद रुमालात पडून आहे आणि त्याला काही झालेलं नाही.

वाचनालयात येणाऱ्यांत घराण्याचा इतिहास शोधणाऱ्यांचा एक वर्ग असतो. ‘आमच्या आडनावाचं काही आहे का?’ हा त्यांचा पहिला प्रश्न. ह्यांच्या बोलण्यावरून पानिपताकडे पाहिलं तर तिकडे गेलेल्या फौजेत सगळे सरदारच होते. बुणगे, खटारेवाले, स्वयंपाकी, घोड्यांना खरारा करणारे ह्यांना पुढे वंशच झाला नाही. कागदांत मात्र उलटं असतं. तिथे सरदार थोडे आणि देणेकरी फार.

असेच एक काका एका वाचनालयात आले होते. नीट इस्त्रीचा शर्ट, हातात वंशावळीची गुंडाळी. पूर्वज मोठे मनसबदार होते, जुन्या वाड्याच्या एका खांबाचा फोटोही सोबत. तिथल्या मामांनी रुमाल आणून ठेवला. ह्या मामांना मोडी येत नाही, पण कुठलं गाठोडं कुठे आहे हे सूचीपेक्षा त्यांना जास्त पाठ. शेजारी बसलेल्या एका मुलीने कागद वाचून दिला. नाव जुळलं, गाव जुळलं, काकांचा चेहरा उजळला. पुढची ओळ तिने जरा अडखळतच वाचली. मनसबदारांनी सावकाराकडून तीनशे रुपये घेतलेत, दरमहा दरशेकडा दोन रुपये व्याजाने, आणि दोन वर्षं झाली तरी एक पैसाही दिलेला नाही.

काका थोडा वेळ गप्प बसले. मग हळूच म्हणाले, ‘एवढ्या वर्षांनी ह्याची मुदत संपली असेल ना हो?’

मामा रुमालाला गाठ मारत होते. म्हणाले, ‘ते कोर्टाला विचारा साहेब. कागद आमच्याकडे आहे.’